कढईतली ओटची वडी

आम्ही दोघी जावा. थोरली १९८८ साली या कुटुंबात आली, धाकटी १९९३ साली. सिडकोतल्या आमच्या घरावर नंतर एक मजला चढला, मुले मोठी झाली, कपाटे वेगळी झाली, पण स्वयंपाकाचा ओटा एकच राहिला. म्हणून हे लिहायला बसलो तेव्हा ‘मी’ कोणी म्हणायचे यावरच पहिला अर्धा तास गेला. शेवटी ‘आम्ही’ लिहायचे ठरले. जिथे आमचे दोघींचे पटत नाही, तिथे तसे सांगू.

विषय साधा आहे. ओट, गूळ आणि बेदाणे एकत्र करून भाजलेली वडी. इंग्रजीत तिला कुकी बार म्हणतात. पण सुरीने चौकोन पाडलेला कोणताही गोड पदार्थ आमच्या घरात वडीच असतो, त्यामुळे हीसुद्धा वडीच झाली. वाचक भगिनींना वाटेल, की ओट हे श्रीमंतांचे खाणे, त्याचे आपल्या पानात काय काम? आम्हालाही पहिल्यांदा तसेच वाटले होते.

ही वडी घरात आली ती आमच्या लेकीमुळे. दोघींपैकी कोणाची लेक ते सांगत नाही, ती दोघींचीच आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून ती २०२२ साली इंग्लंडला, लीड्स शहरात एक वर्ष शिकायला गेली. तिचे वडील वाळूजच्या कंपनीत मशीनवर उभे राहून काम करतात. ती विमानात बसली त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नाही. आनंदही होता आणि धास्तीही. तिथे गेल्यावर पोरीला पैशांची फार काटकसर करावी लागली. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला तर ठीक, नाही तर महिनाअखेर ओढाताण. त्या दिवसांत तिला एक गोष्ट सापडली. ओटची चौकोनी जाड वडी, तिथले लोक तिला फ्लॅपजॅक म्हणतात. ओट, लोणी, साखर आणि गोल्डन सिरप नावाचा साखरेचा पाक, एवढेच त्यात असते. एक खाल्ली की दुपार निघते. पुढे तिच्या वसतिगृहातल्या एका अमेरिकन मुलीने त्यात थोडे पीठ, अंडे, दालचिनी आणि बेदाणे घालून आपल्याकडची तऱ्हा करून दाखवली. अमेरिकेत ओट विकणाऱ्या कंपन्यांनी गेल्या शतकात ओटच्या डब्यावरच बिस्किटांच्या कृती छापल्या आणि घरोघर हा पदार्थ पोचवला. लेकीने ती कृती वहीत उतरवून घेतली.

त्या वड्या डब्यात घालून ती एका सुट्टीत लंडनला गेली. किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर पाहायला. बाबासाहेब विद्यार्थी असताना त्या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले, आता तिथे स्मारक आहे. घरासमोर उभी राहून तिने मोबाइलवर आम्हाला सगळे दाखवले. सासूबाई पाहत होत्या. ऐंशी ओलांडली तरी त्यांची नजर चांगली आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बाबासाहेब तिथं खात काय व्हते गं?” आपल्या घरांत चरित्र वाचलेले असते, त्यामुळे लेकीला उत्तर माहीत होते. लंडनमध्ये शिकताना रात्री बोव्हरिल नावाच्या पेयाचा पेला आणि थोडी बिस्किटे, एवढेच त्यांच्या वाट्याला येई. अभ्यास करता करता उशिरा भूक लागली की ते पापड भाजून खात आणि पुन्हा पुस्तकात डोके घालत. सासूबाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तुह्याजवळ काय हाय खायला?” लेकीने डबा उघडून वडी दाखवली. “हे काय?” “ओट, आजी.” “वट? वटा का वटी?” एवढ्यावर ते बोलणे हसण्यावारी गेले.

२०२३ च्या शेवटी लेक परत आली आणि म्हणाली, आपण घरी करू. आमच्याकडे भट्टी नाही, ओव्हन नाही. घ्यायचा म्हटले तर चार हजारांच्या पुढे. आम्ही म्हटले कुकर आहे, बघू.

पहिल्या दिवशी धाकटीच्या मालकांना ओट आणायला सांगितले. ते रिक्षा चालवतात, शहरातली सगळी दुकाने त्यांना पाठ. रात्री दोन पुडे घेऊन आले. लेक तेव्हा अभ्यासिकेत होती. आम्ही वही समोर ठेवून गूळ किसला, लोणी फेटले, पुडा फोडून त्यात ओतला. वास जरा वेगळा आला, पण परदेशी धान्याचा वास असाच असेल असे वाटले. वडी झाली, कापली, तोंडात घातली, आणि दातांखाली वाळलेला कांदा आला. पुड्यावर ठळक अक्षरांत ‘मसाला ओट्स’ लिहिले होते. गूळ, दालचिनी, बेदाणे आणि त्यात कांदा, हळद, तिखट! मालकांनी मात्र मुकाट्याने दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाले, “चिवडा म्हणून चांगलं आहे.” धाकटीने त्यांना अजून माफ केलेले नाही. थोरलीचे म्हणणे असे, की पुडा फोडला कोणी, वाचायचे काम त्याचे होते. इथे आमचे पटत नाही.

तेव्हा भगिनींनो, पहिली गोष्ट ही की साधे ओट आणा, ज्यात दुसरे काही नाही. धान्य सोलून, वाफवून, रुळाखाली चपटे केले की हे ओट तयार होतात. साळीचे पोहे करतात तसेच. म्हणजे ओट हे एका अर्थी पोह्यांचे लांबचे भाऊबंद. दळलेले बारीक ओट घेतले तर वडी गिच्च होते, आख्ख्या दाण्याचे तुकडे घेतले तर दाताला लागतात. चपटे, जाड पाकळीचे घ्यावेत.

दुसऱ्या खेपेला ओट बरोबर होते, पण कुकर चुकला. शिट्टी काढली, रबर काढायचे राहिले. खाली मीठही नव्हते, नुसताच डबा ठेवलेला. पाऊण तासाने घरात जळक्या रबराचा वास. वडी खालून कोळसा, वरून ओली. रबराचे नव्वद रुपये गेले ते वेगळेच.

सासूबाई बाजेवर बसून हे सगळे पाहत होत्या. उठल्या, पोटमाळ्यावरून जुनी बिडाची कढई काढायला सांगितली आणि म्हणाल्या, “वाळू आणा. इसरल्या का?”

आम्ही खरेच विसरलो होतो. आता ती वाळूची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, घरचे सामान देऊन भट्टीवर बिस्किटे पाडून आणायची जुनी पद्धत आहे. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा घेऊन जायचे, किलोप्रमाणे मजुरी द्यायची, आणि तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा भरून बिस्किटे, नानकटाई घेऊन यायचे. जुन्या शहरातल्या भट्ट्यांवर दिवाळीच्या आणि रमजानच्या आधी मध्यरात्रीपर्यंत बायकांची रांग असे. सगळ्या जातीधर्मांच्या बाया आपापल्या डब्यांवर बसून नंबराची वाट पाहत. आम्ही जयंतीच्या आधी जात असू, आणि दसऱ्याच्या आधी, कारण दीक्षाभूमीला जायचे तर तीन-चार दिवस टिकेल अशी शिदोरी हवी. चपात्या दुसऱ्या दिवशी वातड होतात, बिस्किटे होत नाहीत. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातानाही हाच डबा बरोबर असायचा, गाडीत अख्ख्या डब्यातले लोक त्यात हात घालायचे.

१९९० नंतर आम्ही भीमनगर सोडून सिडकोत आलो. तिथे शेजारी सगळ्या समाजांचे. बाजूच्या काकू स्वभावाने चांगल्या होत्या. मुलाला रात्री ताप भरला तर आमच्याबरोबर दवाखान्यात येऊन बसणाऱ्या. एकदा आम्ही त्यांच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या. ताट धुऊन परत आले, रीतीप्रमाणे त्यात मूठभर साखर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीत त्याच पोळ्या गाईसमोर पडलेल्या दिसल्या. आमच्या पोळ्या आम्ही ओळखणार नाही का? घरात कोणी काही बोलले नाही. सासूबाईंनी सांगितले, पुन्हा पाठवू नका, भांडूही नका.

पुढे जयंतीला भट्टीवरून बिस्किटे आली. काकू दारातच उभ्या होत्या, द्यावी तर लागलीच. त्यांनी विचारले, “भट्टीची आहेत ना?” हो म्हटल्यावर ताटली घेतली, तिथेच एक तोंडात टाकले आणि छान झाल्याचे सांगितले. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मैदा आमचा, साखर आमची, भट्टीवर परातीत मळायला हातही निम्मे आमचेच. फक्त विस्तव दुसऱ्याचा. दुसऱ्याच्या विस्तवातून गेला की आमचा मैदा चालत होता.

त्यानंतरच्या एका वर्षी भट्टीवर एवढी गर्दी की नंबर लागेना. सासूबाईंनी गोदाकाठच्या वाळूची पिशवी आणली. कढईत वाळू तापवली, तिच्यावर ताटली, ताटलीत बिस्किटे, वर झाकण आणि झाकणावर निखारे. शेरभर बिस्किटांना सबंध दिवस लागला. काकूंकडे ताटली गेली तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला, भट्टीची का? सासूबाई म्हणाल्या, “भट्टीचीच की. भट्टी तेवढी घरात हाय.” काकू हसल्या, त्यांना गंमत वाटली असावी. बिस्किटे त्यांनी खाल्ली. या वर्षीची जास्त खुसखुशीत आहेत, असेही म्हणाल्या.

यावरही आमचे आजपर्यंत पटलेले नाही. थोरली म्हणते, स्पष्ट सांगायला हवे होते, तोंडावर. धाकटी म्हणते, आत्यांनी सांगितलेच होते, ऐकणाऱ्याने ऐकले नाही.

तर ती ही कढई. आता वाळूऐवजी आम्ही जाडे मीठ घालतो, किलोभर, आणि निखाऱ्यांऐवजी झाकणावर वजन ठेवतो. तेच मीठ वर्षभर चालते, फक्त ते मग स्वयंपाकात वापरायचे नाही. तिसऱ्या खेपेला वडी जमली. कडा तपकिरी, मधला भाग मऊ, घरभर गुळाचा आणि दालचिनीचा वास. पहिला तुकडा सासूबाईंना दिला. त्यांनी तो तोंडात घोळवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ही तं सुकडी हाय गं.”

लेकीला सुकडी माहीत नव्हती. आमच्याही पिढीने ती फक्त ऐकलेली. त्या दुपारी सासूबाई जेवढे बोलल्या तेवढे त्या एरवी महिन्यात बोलत नाहीत.

१९७२ चा दुष्काळ. अंबड तालुक्यातले गाव. विहिरी आटल्या, पेरलेले उगवले नाही, जनावरे बाजारात कोणी फुकट घेईना. सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, रस्ते, नाला बांध. सासूबाई खडी फोडायला जात, दोन्ही मुले बरोबर. थोरला सहा वर्षांचा, धाकटा तीनचा, तो ढिगाऱ्याच्या सावलीत झोपलेला. कामावर सुकडी वाटत. भाजलेले पीठ, गूळ आणि तेल यांचा गोडसर भुगा. मूठभर, पसाभर जे मिळेल ते. सासूबाई आपल्या वाट्याची सुकडी तिथे खात नसत. पदराच्या टोकात बांधायच्या, संध्याकाळी पोरांना द्यायच्या. घामाने पदर भिजला की तिचा गोळा होई, आणि पोरांना तो गोळाच आवडे, कारण चावायला काहीतरी आहे असे वाटे. “वडी व्हायची तिची,” त्या म्हणाल्या. “अशीच.”

“तुम्ही काय खायच्या, आत्या?” आम्ही विचारले.

“मिलो.”

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, गिळताना घशात अडकायची. तिकडे हे जनावरांना घालतात, असे लोक म्हणत, आणि ते खोटे नव्हते. अमेरिकेत मिलो मुख्यतः गुराढोरांसाठीच पिकवतात. सासूबाईंना भुकेपेक्षा हे बोल जास्त लागले होते. भूक गावात सगळ्यांनाच होती, पण ‘जनावराचे खाणे’ म्हटले की गावातल्या काही लोकांच्या नजरा कुणाकडे वळत, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

इथे लेकीने एक गोष्ट सांगितली. इंग्लंडात जॉन्सन नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. त्याने १७५५ साली इंग्रजी भाषेचा शब्दकोश छापला. त्यात ओट या शब्दाचा अर्थ देताना त्याने टोमणा मारला आहे, की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात त्यावर माणसे जगतात. स्कॉटलंडचे लोक गरीब, थंड डोंगराळ मुलूख, गहू नीट येत नाही, ओट येतो. तो ते खात. म्हणून त्यांची टवाळी. आज त्याच ओटला डॉक्टर चांगले म्हणतात. त्यात बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा चोथा असतो, तो रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. आता दवाखान्यात तपासायला गेलेला माणूस ओटचा पुडा घेऊन परत येतो आणि ज्वारी-बाजरीची भाकरीही मॉलमध्ये कौतुकाने विकली जाते. सासूबाईंनी हे सगळे ऐकले आणि म्हणाल्या, “म्हंजे तिकडं बी तसंच.” आणि दुसरा तुकडा मागितला.

आता कृती. दोन वाट्या चपटे ओट घ्यावेत. कोरड्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटे परतावेत, खमंगपणा येतो. इंग्रजी कृतीत हे नाही, आमचे आम्ही घातले आहे. अर्धी वाटी बेदाणे कोमट पाण्यात पाव तास भिजवून, निथळून, फडक्याने कोरडे करावेत. हे टाळू नये, नाहीतर भाजताना ते खडे होतात. बेदाणे आम्ही तासगावकडचे घेतो. तिथे द्राक्षे एका द्रावणात बुडवून जाळीच्या मांडवात सावलीला वाळवतात, म्हणून ते हिरवट-पिवळे राहतात. काळ्या मनुकाही चालतात. मोंढ्यात सुटे बेदाणे घेतले तर पुड्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. देठ तेवढे निवडून काढा.

पाऊण वाटी किसलेला गूळ आणि अर्धी वाटी पातळ केलेले लोणी किंवा तूप एकत्र घोटावे. गरम तुपात अंडे घालू नका, ते शिजेल. कोमट झाल्यावर एक अंडे फोडून घाला आणि पुन्हा घोटा. अंडे नको असेल तर तीन-चार चमचे दूध आणि एक चमचा काकवी. लेक म्हणते, तिकडचा तो गोल्डन सिरप म्हणजे आपल्या काकवीचाच गोरा भाऊ, दोघांचे काम वडी धरून ठेवायचे. मग अर्धी वाटी कणीक, पाव चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ. ओटला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कणकेशिवाय वडी भुगा होऊन पडते. शेवटी ओट, बेदाणे आणि पाव वाटी शेंगदाण्याचा जाडसर कूट. कूट मूळ कृतीत नाही. पण मराठवाड्यात शेंगदाण्याशिवाय काही होते का?

मिश्रण घट्ट असते, ओतता येत नाही, दाबावे लागते. चौकोनी जर्मनच्या डब्याला तूप लावून, तळाला कागद घालून ते बोटभर जाडीने थापा. वर आलेले बेदाणे बोटाने आत ढकला, कारण उघडे राहिलेले करपतात आणि कडू होतात. कढईत मीठ, त्यावर लोखंडी रिंग, झाकण घालून दहा मिनिटे तापवा. मग डबा आत ठेवा, आच मंदाच्या थोडी वर, झाकणावर वरवंटा. चाळीस मिनिटे लागतात. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी एकशे ऐंशी अंशावर पंचवीस मिनिटे ठेवावे. कडा तपकिरी होऊन डब्यापासून सुटल्या की उतरवा. मधला भाग अजून कच्चा वाटेल. वाटू द्या. गार होताना तो आवळतो. पूर्ण कडक होईपर्यंत ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी वडी फोडायला तोच वरवंटा लागेल. कोमट असताना सुरीने रेघा पाडा आणि पूर्ण गार झाल्यावरच काढा. धाकटीला एवढा धीर नाही, म्हणून तिच्या वड्यांचे कोपरे नेहमी तुटलेले असतात. ते तुटके कोपरे कोण खाते, हे थोरली लिहू देत नाही.

ओट महाग वाटत असतील तर एक वाटी ओट आणि एक वाटी ज्वारीचे पोहे घ्या. बचत गटांच्या स्टॉलवर मिळतात. आम्ही आता बहुतेक वेळा असेच करतो. थोरलीला ही मिसळीची वडी जास्त आवडते, लेकीला निव्वळ ओटची.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगायची आहे. ओट आहे, गूळ आहे, म्हणजे साखरेच्या आजाराला चालते, असे समजू नका. गूळही साखरच, आणि बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखर असते. वाळूजहून शिफ्ट संपवून येणारे थोरलीचे मालक गेली सहा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या खातात. पहिल्या महिन्यात ‘पौष्टिक आहे’ म्हणत ते रोज तीन वड्या खात होते. तपासणीचा कागद आला आणि डॉक्टरांनी विचारले, नवीन काय सुरू केले? आता त्यांना एक वडी, तीही अर्ध्या गुळाची, आणि ती खाल्ली की संध्याकाळचा गोड चहा बंद.

काकू अजून शेजारीच आहेत. त्यांचे मालक गेले, मुले पुण्याला. गुडघे दुखतात, तरी दुपारी भिंतीला धरून आमच्याकडे येतात आणि सासूबाईंच्या बाजेवर बसतात. दोघींना एकमेकींशिवाय करमत नाही. गेल्या बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारासाठी आम्ही वड्यांचे चार डबे भाजत होतो, तेव्हा त्या स्वयंपाकघरातच बसून होत्या. पहिला डबा उतरला तसा त्यांनी हात पुढे केला. गरम होती, तुकडा मोडला, तरी त्यांनी तो खाल्ला. दात उरलेले नाहीत, मऊ वडी त्यांना सोयीची पडते. मग विचारले, “ही भट्टीवर मिळते का गं?”

आम्ही दोघी एकदम म्हणालो, “नाही काकू, घरचीच आहे. या कढईतली.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि दुसरी उचलली. त्यांना जुने काही आठवत होते की नाही, आम्ही विचारले नाही. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

सासूबाईंची आमची एकच तक्रार आहे. त्यांच्या हातावर दोन वड्या ठेवल्या तर एकच खाताना दिसतात. दुसरी कुठे जाते ते बरेच दिवस कळले नाही. गेल्या महिन्यात त्यांची उशी उन्हात टाकायला उचलली तर खाली जुन्या लुगड्याचा एक तुकडा, त्याला गाठ, आणि गाठीत पाच वड्या. मुंग्यांची रांग बाजेच्या पायापर्यंत लागलेली. आम्ही रागावलो, मुंग्या चावतील म्हटले. त्या म्हणाल्या, “पोरगं शाळंतून येतं ना चारला.” पोरगं म्हणजे त्यांचा पणतू, दुसरीत आहे. घरात वड्यांचा डबा भरलेला आहे आणि तो हवा तेव्हा स्वतः काढून खातो, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली.

आता त्यांच्यासाठी आम्ही घट्ट झाकणाचा एक वेगळा लहान डबा आणला आहे. तो उशाशी असतो. चार वाजले की त्या तो मांडीवर घेऊन बसतात.